शनिवारचा बर्गर, रविवारचं पोट

पत्र:

ताई, मी नाशिकला राहतो, सातपूरच्या एका कंपनीत नोकरीला आहे. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी बर्गरची एक गाडी लागते. नवरा-बायको मिळून चालवतात. दर शनिवारी संध्याकाळी मी आणि माझी नऊ वर्षांची मुलगी तिथे जातो. तिला चीज-मेयो बर्गर, मला शेजवान डबल टिक्की. बायको बाहेरचं फारसं खात नाही, त्यामुळे हा बापलेकीचाच ठरलेला कार्यक्रम.

मे महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, असेच आठच्या सुमारास खाऊन आलो. रात्री अकराला मुलीला उलट्या सुरू झाल्या, त्या पहाटेपर्यंत चालल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी माझं पोट बिघडलं. त्या शनिवारी दुपारी मुलगी शेजारच्या वाढदिवसालाही जाऊन आली होती, पण तिथे बाकी कुणाला काही झालं नाही असं कळलं. आम्ही दोघंही बरे झालो. बायको म्हणते, एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, तक्रार करा आणि पुन्हा त्या गाडीचं नाव काढू नका. सोसायटीच्या ग्रुपवर एक जण गाडीचा फोटो टाकून सगळ्यांना सावध करू या म्हणतोय. मला ते पटत नाही. माणूस कष्टाळू आहे, त्याची मुलं शिकतायत, गाडी बंद पडली तर त्याने काय करायचं? तेव्हापासून आम्ही गेलेलो नाही. परवा रस्त्यात भेटला तर म्हणाला, "साहेब, दिसला नाहीत. काही चुकलं का?" मी "कामात होतो" म्हणून सटकलो.

खरंच बर्गरनेच झालं असेल का? त्याला सांगू का, आणि कसं सांगू? मुलगी रोज विचारते, पुन्हा कधी जायचं?

— एक बाप, नाशिक

उत्तर:

नमस्कार.

"काही चुकलं का?" हे त्यानेच विचारलं, म्हणजे तुमचं निम्मं काम त्याने आयतं करून दिलं होतं. तुम्ही "कामात होतो" म्हणालात आणि विषय होता तिथेच राहिला. हरकत नाही, माणूस विचारणारा आहे एवढं तरी कळलं. पण त्याच्याशी बोलण्याआधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचा निकाल लावू. तो डोक्यात नीट बसला नाही, तर तुम्ही कितीही गोड बोललात तरी ते आरोपासारखंच ऐकू जाईल.

बर्गरनेच झालं का? संशय घ्यायला जागा आहे, शिक्का मारायला नाही.

पोट बिघडलं की आपण शेवटी काय खाल्लं ते आठवतो आणि त्याच्या माथी खापर फोडतो. जंतूंचं वेळापत्रक मात्र एकसारखं नसतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू अन्नातच विष तयार करून ठेवतो. ते पोटात गेलं की अर्ध्या तासापासून आठ तासांपर्यंत केव्हाही उलट्या सुरू होतात आणि बहुतेक वेळा दिवसभरात ओसरतात. साल्मोनेला सहा तासांपासून थेट सहा दिवसांपर्यंत केव्हाही डोकं वर काढतो. त्यामुळे रविवारी दुपारी बिघडलेलं तुमचं पोट शनिवारच्या बर्गरमुळे बिघडलेलं असेल, किंवा गुरुवारी कंपनीच्या कँटीनमध्ये खाल्लेल्या कशाने तरी. तुमचं आणि मुलीचं कारण एकच असेल असंही नाही.

मुलीचं मात्र बऱ्यापैकी जुळतं. आठला खाल्लं, अकराला सुरू झालं, पहाटे थांबलं. ही लक्षणं त्या तयार विषाशी मिळतीजुळती आहेत. पण तुमच्याच पत्रात दुपारचा वाढदिवस आहे. तिथे क्रीमचा केक असेल आणि तो उन्हाळ्यात तास-दोन तास टेबलावर पडून असेल, तर तोही याच हिशेबात बसतो. "बाकी कुणाला काही झालं नाही असं कळलं" या वाक्यावर मी फार भरवसा ठेवणार नाही. आपल्याकडे वाढदिवसाला जाऊन आलेलं पोर रात्री ओकलं, तर यजमानांना फोन करून कोण सांगतं? वहिनींनी बर्गर खाल्ला नाही आणि त्यांना काही झालं नाही, हा मुद्दा त्यांच्या बाजूचा आहे. पण तीन माणसांच्या घरावरून निकाल लागत नाही. त्या रात्री त्याच गाडीवर खाऊन गेलेल्या आणखी चार-पाच घरांत असंच झालं असतं, तर मी वेगळं बोलले असते.

तर कावळा बसला आणि फांदी तुटली, असंही असेल. फांदी कावळ्यानेच मोडली असेल, हेही नाकारता येत नाही. दुसरी शक्यता धरूनच पुढे बोलू, कारण ती खरी असेल तर तुमच्या बोलण्याने उद्या दुसऱ्या कुणाचं पोर वाचेल, आणि खोटी असली तरी त्या माणसाचं नुकसान काही नाही.

गाडीवरच्या बर्गरमध्ये नेमकं काय बिघडतं? लोकांचा पहिला संशय तव्यावर आणि तेलावर जातो. तेल जुनं असेल तर ते वाईटच. वारंवार तापवलेल्या तेलात पोलर संयुगं, म्हणजे तेल बिघडल्यावर तयार होणारे घटक, साठत जातात आणि 1 जुलै 2018 पासून त्यांची मर्यादा 25 टक्के ठरवून दिलेली आहे. पण जुनं तेल असं रात्रीतून उलट्या करवत नाही, त्याचा हिशेब वर्षांचा असतो. तवा तर गाडीवरची सगळ्यात भरवशाची जागा. चरचरत्या तव्यावरून थेट बनात आलेली, आतपर्यंत वाफाळणारी टिक्की फार कमी जणांना आजारी पाडते. भानगड तव्याच्या डाव्या-उजव्या बाजूला असते, जिथे सगळं गार असतं.

पुढच्या वेळी गाडीसमोर उभे राहाल तेव्हा मेयोच्या बाटलीच्या तोंडाकडे बघा. टोकाशी पिवळट, वाळलेली, भेगा पडलेली कड दिसते का? दिसली तर समजा की बाटली धुतली जात नाही, फक्त भरली जाते. संपत आली की पाऊच कापायचा आणि वरून ओतायचा. तळाशी परवाचं, त्यावर कालचं, त्यावर आजचं. चालू धंद्यात बाटली कधी रिकामीच होत नाही, त्यामुळे धुवायची वेळही येत नाही. यात आळसाचा भाग कमी आणि गर्दीचा जास्त. ती बाटली तव्यापासून हातभर अंतरावर, मेच्या उन्हाळ्यात, संध्याकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत उभी असते. साधारण 5 ते 60 अंश सेल्सियस या पट्ट्यात जंतू वाढतात, म्हणून नासणारा पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये म्हणतात. हवाच 32 अंशांच्या वर असेल तर तासाभरापेक्षा जास्त नाही. मे महिन्यातल्या नाशिकला, त्यातही तव्याच्या शेजारी, तो तास मेहेरबानीचाच म्हणायचा.

आता मेयोची बाजूही ऐका. कंपनीचं पाकीटबंद मेयो, विशेषतः बिनअंड्याचं, तसं बरंच टिकाऊ असतं. त्यात व्हिनेगर असतं आणि त्या आंबटपणात जंतूंचं फारसं चालत नाही. गोष्ट बिघडते ती पुढे. मेयो महाग, म्हणून कुणी त्यात दूध किंवा पाणी घालून ते वाढवतं. कुणी त्यात बारीक चिरलेला कोबी, कांदा, शेजवान मिसळून दुपारीच 'मसाला मेयो' करून ठेवतं. असं केलं की आंबटपणा उतरतो आणि भाजीबरोबर हाताचे, पाटाचे, सुरीचे जंतूही आत जातात. कुणी तर घरीच करतं, कच्च्या अंड्याचं किंवा दूध-तेल मिक्सरमधून फिरवून. कच्च्या अंड्याचं मेयो हे प्रकरण इतकं तापलं की केरळने जानेवारी 2023 मध्ये, तेलंगणाने ऑक्टोबर 2024 मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल 2025 मध्ये त्यावर बंदी घातली. तुमच्या गाडीवाल्याचं मेयो यांपैकी कुठलं, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. बहुधा विचारलंही नसेल. कुणीच विचारत नाही. आपण विचारतो "एक्स्ट्रा मेयोचे किती?"

दुसरी जागा उकडलेल्या बटाट्याची. टिकीचा माल दुपारी होतो. बटाटे उकडून, कुस्करून, मसाला घालून, गोळे करून एका मोठ्या पातेल्यात झाकून ठेवतात. मोठ्या पातेल्यात मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि कोमट बटाटा जंतूंना फार मानवतो. मग अर्ध्या तळलेल्या टिक्क्यांचा ढीग लागतो आणि गिऱ्हाईक आलं की तव्यावर परतून देतात. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती भल्याभल्यांना माहीत नसते. स्टॅफिलोकॉकसने एकदा विष तयार केलं की पुन्हा गरम करून ते जात नाही. जंतू मरतात, विष तसंच राहतं. त्यामुळे "साहेब, कडक गरम करून देतो" हे आश्वासन फक्त अर्ध्या धोक्यापुरतं खरं आहे. खरा उपाय दुपारीच करायचा असतो. माल थोडा करायचा, पसरट ताटात लवकर गार करायचा आणि थंडच आणायचा.

आणि हा जंतू येतो कुठून? बहुतेक वेळा माणसाच्याच हातातून. धडधाकट माणसांपैकी तिसऱ्या-चौथ्या माणसाच्या नाकात तो सुखाने नांदत असतो. नाक पुसलं, कपाळाचा घाम पुसला, बोटावर सुरीची जखम आहे, आणि त्याच हाताने कोबी उचलला की झालं. हातमोजे घातलेले दिसले म्हणून खूश होऊ नका. संध्याकाळभर एकच मोजा आणि त्याच मोज्याने पैसे, बन, फडकं, पुन्हा बन, यापेक्षा साबणाने धुतलेला उघडा हात केव्हाही चांगला. या बाबतीत क्यूआर कोडच्या पाटीने रस्त्यावरच्या खाण्याचं जेवढं भलं केलंय तेवढं कुठल्या मोहिमेने केलं नसेल. नोटा मोजायचं बंद झालं, हात निदान त्यातून तरी सुटला. फडक्याकडे मात्र बघाच. गाडीवर एकच फडकं असतं. त्यानेच तवा पुसायचा, त्यानेच ओटा, त्यानेच हात. गाडी किती स्वच्छ आहे याचा अंदाज मला गाडीच्या रंगावरून येत नाही, फडक्यावरून येतो.

चीज खरं की तेलाचं, 'बटर' लोणी की मार्जरीन, या वादात आज शिरत नाही. तो खिशाचा आणि चवीचा प्रश्न आहे. बर्गर छापील वर्तमानपत्रात गुंडाळून देत असेल तर मात्र टोका. अन्न पॅकिंगच्या 2018 च्या नियमांनी त्याला मनाई केली आहे आणि साधा पांढरा कागद काही फार महाग नसतो.

एवढं वाचून वहिनी म्हणतील, "मग मी काय वेगळं सांगत होते?" त्यांचं म्हणणं एका बाबतीत पूर्ण बरोबर आहे, त्यावर पुढे येते. पण "रस्त्यावरचं म्हणून घाण आणि काचेच्या दारामागचं म्हणून स्वच्छ" हा हिशेब मला मान्य नाही. बर्गरची जन्मकथाच याच्या उलट आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत खिमा म्हटलं की लोक नाक मुरडत. त्यात काय दळलंय कुणास ठाऊक, अशी त्याची ख्याती. 1921 मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात 'व्हाइट कॅसल' सुरू झालं, तेव्हा त्यांनी सगळं पांढरंशुभ्र ठेवलं आणि खाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बर्गर भाजला. लोकांचा विश्वास बसला त्यात या उघड्यावरच्या कारभाराचा मोठा वाटा होता. उलट 1993 मध्ये 'जॅक इन द बॉक्स' या मोठ्या साखळीच्या दुकानांमधल्या नीट न शिजलेल्या बर्गरमधून ई-कोलाय या जंतूची लागण पसरली, 700 हून जास्त लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. तिथे बोर्ड होता, गणवेश होता, लेखी नियमही होते. गाडीचा मोठा गुण हा की सगळं तुमच्यासमोर होतं. फक्त आपण बघत नाही, फोनमध्ये मान घालून उभे असतो.

आता तक्रारीचं. तुम्हाला वाटतं तक्रार म्हणजे गाडी उठली. वहिनींना वाटतं तक्रार म्हणजे न्याय झाला. दोन्ही तसं नाही. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार गेली तर अधिकारी येऊन गाडी बघतो, नोंदणी विचारतो, वाटलं तर नमुना घेतो. त्या नमुन्याचे चार भाग करून सील करतात आणि एक प्रयोगशाळेत जातो. पण आज घेतलेला मेयोचा नमुना मेमधल्या त्या रात्रीबद्दल काहीच सांगणार नाही. ती बाटली केव्हाच रिकामी होऊन पुन्हा भरली, म्हणजे वरून भरली. तुमच्या मुलीच्या उलट्यांचा निकाल त्यातून लागायचा नाही. शिवाय अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 यातसुद्धा आधी सुधारणा नोटीस देण्याची तरतूद आहे, म्हणजे अमुक मुदतीत अमुक दुरुस्त कर असं सांगायचं. कायदा जर आधी सांगून बघतो, तर गिऱ्हाइकाने सांगायला काय हरकत आहे?

ग्रुपवरचा फोटो मात्र अजिबात नको. तुमच्या हातात पुरावा नाही. फोटो एकदा गेला की तो कॉलनीतून कॉलनीत फिरेल, त्यासोबत "विषबाधा, मुलगी आयसीयूत" असं काहीतरी जोडलं जाईल आणि मग तुम्ही खुलासा टाकलात तर तो कुणी वाचणार नाही. त्या सद्गृहस्थांना एवढंच विचारा, "तुम्ही बोललात का त्याच्याशी?" ग्रुपवर शूर असलेली माणसं अशा वेळी सहसा कामात असतात.

तर बोलायचं कसं? ताकाला जाऊन भांडं लपवू नका. "हल्ली उन्हाळा फार आहे नाही का, जपून राहायला हवं" असली गोलमाल सुरुवात केलीत तर तो "हो ना साहेब" म्हणेल आणि विषय पंख्यावर जाईल. शनिवारी रात्री, चार गिऱ्हाइकं उभी असताना तर मुळीच बोलू नका. त्याचा अपमान होईल आणि अपमान झालेला माणूस ऐकत नाही, बाजू मांडतो. संध्याकाळी पाचच्या आसपास, गाडी लावत असताना एकटे जा. दोघं नवरा-बायको असतील तर उत्तमच, कारण माल बहुधा त्याची बायकोच करत असणार आणि बदल झाला तर तो त्यांच्या हातून होईल. मग सरळ सांगा:

"त्या दिवशी तुम्ही विचारलंत काही चुकलं का, मी टाळलं. झालं असं की मागे एका शनिवारी इथून खाऊन गेल्यावर मुलीला रात्री उलट्या झाल्या. तुमच्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही, दुपारी ती दुसरीकडेही जेवली होती. पण मनात राहिलं म्हणून आलो नाही. मेयो उन्हाळ्यात बाहेरच असतं का हो?"

एवढंच. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण त्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं आणि बोलणं उलट्यांवरून बाटलीवर येतं. पहिलं उत्तर ठरलेलं असेल: "साहेब, इतकी वर्षं गाडी लावतो, आजवर कुणाची तक्रार नाही." त्यावर वाद घालू नका. ज्याला त्रास होतो तो तक्रार करत नाही, तो यायचं बंद होतो. तुम्हीही तेच केलंत. हे त्याला तुमच्यावरूनच सांगा, "मीही बोललो नव्हतो ना." हे त्याला लगेच समजेल, धंदा करणारा माणूस आहे.

आणि रिकाम्या हाताने उपदेश करू नका. गाडीवर जमण्यासारखं काय आहे ते सांगा. मोठ्या बाटलीऐवजी चार लहान बाटल्या, प्रत्येक अर्धी भरलेली. एक बाहेर, बाकीच्या थंड डब्यात. रिकामी झाली की घरी नेऊन गरम पाण्याने धुवायची, वरून भरायची नाही. डब्यासाठी बर्फाची लादी लागत नाही. घरच्या फ्रीझरमध्ये रात्री पाण्याच्या दोन-तीन बाटल्या गोठवल्या आणि थर्माकोलच्या डब्यात मेयो, चीज, टिकीचा माल यांच्यामध्ये उभ्या केल्या, तर संध्याकाळ निभावते. सुट्या बर्फासारखं पाणी सुटून सगळं ओलंही होत नाही. कोबी पाण्याच्या टबात भिजत ठेवण्याऐवजी कोरडा, झाकलेला, थोडाथोडा आणायचा. कांदा समोर कापायचा, गिऱ्हाइकालाही ते आवडतं. एकाने पैसे आणि कागद, दुसऱ्याने फक्त खाणं. दोघं असल्यामुळे हे त्यांना सहज जमेल, एकट्याच्या गाडीला जमत नाही. नळाची पिंपं, साबण, दोन फडकी. या सगळ्याचा खर्च एका बऱ्या शनिवारच्या गल्ल्यात निघावा.

त्याच्याकडे अन्न सुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक आहे का, तेही सहज विचारा. नसेल तर काढायला मदत करा. अर्ज ऑनलाइन असतो आणि तुमच्यासारख्या नोकरदाराला ते अर्ध्या तासाचं काम आहे, त्याला मात्र एजंटाला पैसे द्यावे लागतात. फॉस्टॅक नावाचं अन्न सुरक्षेचं प्रशिक्षण असतं, त्यात रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी वेगळा वर्ग आहे. डबा, बाटल्या, छोटा फ्रीज यासाठी भांडवल हवं असेल तर फेरीवाल्यांना विनातारण कर्ज देणारी पीएम स्वनिधी योजना 2020 पासून चालू आहे. एवढं तुम्ही केलंत तर "गाडी बंद पडली तर त्याचं काय" ही तुमची काळजी नुसती हळहळ राहणार नाही.

यानंतरही त्याने झटकून टाकलं, "तुम्हालाच जास्त कळतं का" म्हणाला, किंवा हो-हो म्हणून महिनाभराने बाटलीची कड तशीच पिवळी, तर मग वहिनींचं ऐका. एफडीएच्या कार्यालयात किंवा 'फूड सेफ्टी कनेक्ट' या अ‍ॅपवर तक्रार करा आणि उलट्यांबद्दल न लिहिता जे डोळ्यांनी दिसतं तेवढंच लिहा: मेयो उन्हात, बाटल्या अस्वच्छ, कच्चा माल उघडा. भीड ही भिकेची बहीण. त्याच्या मुलांच्या शाळेची काळजी तुम्ही जरूर करा, पण त्या गाडीवर रोज दुसऱ्यांचीही मुलं खातात. आणि पुढे कधी एकाच रात्री तीन-चार घरांत त्रास झाला, तर बोलण्या-सांगण्यात एक दिवसही घालवू नका. डॉक्टरांना काय, कुठे, किती वाजता खाल्लं ते सांगा, उरलेलं असेल तर पिशवीत बांधून फ्रीजमध्ये ठेवा आणि लगेच एफडीएला कळवा. नमुन्याला अर्थ असतो तो तेव्हाच.

वहिनींचं बरोबर आहे म्हटलं ते मुलीबाबत. तुमच्या पोटाशी तुम्ही काय हवा तो जुगार खेळा. नऊ वर्षांच्या मुलीच्या अंगातलं पाणी तुमच्यापेक्षा फार लवकर कमी होतं. घरात ओआरएसची पाकिटं ठेवा. नसतील तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. उलट्या होत असताना हे पाणी पेल्याने न देता दर दोन-चार मिनिटांनी चमचाभर द्यायचं. सहा-आठ तास लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसलं, ताप चढला, पोर मलूल पडलं किंवा पाण्याचा चमचाही पोटात ठरेना, तर सकाळची वाट बघू नका. जुलाब थांबवण्याची गोळी मुलांना आपल्या मनाने देऊ नका.

राहिला तिचा प्रश्न, पुन्हा कधी जायचं. बोलणं झालं आणि थंड डबा दिसला की जा. तोवर नाही, आणि का नाही ते तिला खरं सांगा. नऊ वर्षांच्या मुलीला जंतूंची गोष्ट छान कळते आणि बाबा गाडीवाल्या काकांशी जाऊन बोलले हेही कळेल. गेल्यावर काही दिवस मेयो बंद. चीजची स्लाइस टिकीवर ठेवून तव्यावरच वितळवून घ्या, वर केचप आणि हवी तर सुकी लसणाची चटणी. दोन्ही टिकाऊ, दोन्ही चटकदार. कच्चा कोबी उन्हाळा-पावसाळ्यात नकोच. रात्री साडेदहाला जाण्यापेक्षा सातला जा, माल ताजा असतो आणि त्याचे हातही. टिक्की मधोमध मोडून बघा, वाफ आली पाहिजे. कोमट लागली तर परत तव्यावर टाकायला सांगा, लाजू नका, पैसे देता.

आणि त्या पहिल्या शनिवारी वहिनींनाही घेऊन जा. खायचं नसेल तर नका खाऊ म्हणावं, नुसतं उभं राहून बघा. तुम्हाला तीन वर्षांत दिसणार नाही ते त्यांना तीन मिनिटांत दिसेल. आणि त्यांनी गाडीवालीशी दोन शब्द बोलायला सुरुवात केली, की तुम्ही मध्ये पडू नका.